बाबा ड्युटीवर, मूल घरी : सैनिकी घरातल्या मुलांच्या धीराचा इतिहास

"फौजीचा मुलगा ना तू? मग रडतोस काय?" हे वाक्य तुम्ही कधीतरी ऐकलं असेल, कदाचित म्हटलंही असेल. बोलणाऱ्याच्या मनात माया असते, मुलाला बळ यावं असंच त्याला वाटत असतं. पण या वाक्यामागे एक समजूत आहे. धीर रक्तातून येतो, बाप शूर म्हणून मूलही घट्ट मनाचं असणार आणि जे रडतं ते कुठेतरी कमी पडतं, अशी ती समजूत. गेल्या शंभर वर्षांत तिची बरीच तपासणी झाली. ती करायला डॉक्टरांना आणि संशोधकांना भाग पाडलं ते युद्धांनी. आजच्या लेखात हा इतिहास आपण पाहू, कारण सैनिकाच्या, पोलिसाच्या घरातल्या मुलाला कसं सांभाळायचं याचं उत्तर त्यातच सापडतं.

सुरुवात केशोरीपासून

गोंदिया जिल्ह्याच्या अर्जुनी मोरगाव तालुक्यातलं केशोरी बाहेरच्या लोकांना मिरचीमुळे माहीत असतं. धानाच्या बांध्या, त्यांना लागून जंगल आणि पलीकडे गडचिरोली जिल्हा. नक्षलवादी चळवळीमुळे या पट्ट्यात अनेक वर्षं केशोरीच्या पोलीस ठाण्याबरोबरच गोठणगाव, भरनोली अशा ठिकाणी सशस्त्र दूरक्षेत्रं उभी राहिली. त्यामुळे या परिसरात 'गणवेशातली घरं' एका प्रकारची नाहीत.

पहिली घरं सैन्यात किंवा केंद्रीय राखीव पोलीस दलात गेलेल्यांची. बाबा काश्मीरला, आसामला, राजस्थानात. रोवणीला सुटी मिळाली तर मिळाली, नाहीतर दिवाळीनंतरच्या मंडईला येतील अशी आशा.

दुसरी घरं राज्य पोलीस आणि राज्य राखीव पोलीस दलातल्यांची. इथे बाबा लांब नसतात, पण धोका जवळ असतो. १ मे २०१९ रोजी, महाराष्ट्र दिनी, शेजारच्या कुरखेडा तालुक्यात जांभुळखेड्याजवळ भूसुरुंगाच्या स्फोटात १५ पोलीस जवान आणि त्यांच्या गाडीचा चालक मृत्युमुखी पडले. अशी बातमी टीव्हीवर आली की या भागातल्या किती घरांत मुलं आईच्या चेहऱ्याकडे पाहत बसली असतील, याची कल्पना करा.

तिसरी घरं पुष्कळांच्या ध्यानातही येत नाहीत. गोठणगावजवळ १९७२ मध्ये वसलेली नोर्ग्येलिंग ही तिबेटी वसाहत आहे. भारतातल्या तिबेटी वसाहतींमधून एका खास लष्करी दलात अनेक पिढ्या भरती होत आली आहे. त्या दलाकडे पुढे येऊ, कारण मुलांशी खरं किती बोलायचं हा प्रश्न तिथे सगळ्यात अवघड होतो.

कुतचा वेढा आणि न आलेली पत्रं

आधी शंभर वर्षं मागे जाऊ. पहिल्या महायुद्धात इंग्रज सरकारने सहावी पुणे डिव्हिजन मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये पाठवली. डिसेंबर १९१५ मध्ये टायग्रिस नदीकाठच्या कुत या गावी तुर्की सैन्याने तिला वेढलं. आत १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या मराठा पलटणी होत्या. १४७ दिवसांनी, २९ एप्रिल १९१६ रोजी, उपासमारीने खंगलेल्या फौजेने शरणागती पत्करली. सुमारे १३,००० माणसं कैदेत गेली आणि त्यांतली हजारो परत आली नाहीत.

इकडे घाटावर आणि कोकणात त्यांची घरं होती. माणूस जिवंत आहे, कैदेत आहे की गेला, हे महिनोन्‌महिने कळायला मार्ग नव्हता. सातारा जिल्ह्यातल्या एका अपशिंगे गावातून पहिल्या महायुद्धात ४६ जण कामी आले. त्या गावाला आजही 'अपशिंगे मिलिटरी' म्हणतात.

त्या घरांतल्या मुलांचं काय झालं, हे मात्र कोणी लिहून ठेवलं नाही. भरतीच्या वेळी बापाची उंची आणि छाती मोजली गेली. मुलाच्या मनाचं मोजमाप करणारं शास्त्रच तेव्हा बाळसं धरत होतं. मुलांना सावरलं ते एकत्र कुटुंबानं. बाप गेला तरी आजी होती, चुलता होता, शेत होतं, सकाळी गुरं सोडायची होती. या 'साध्या' गोष्टी लक्षात ठेवा. पुढे शास्त्र फिरून फिरून त्यांच्यापाशीच येतं.

सरकारनेही काही केलं. १९१९ मध्ये सैनिकांच्या कल्याणासाठी इंडियन सोल्जर्स बोर्ड स्थापन झालं. आजची जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयं त्याच परंपरेतली. बेळगावात १९४५ मध्ये जवानांच्या मुलांसाठी लष्करी शाळा निघाली. १९६१ मध्ये देशातली पहिली सैनिक शाळा साताऱ्यात सुरू झाली. पेन्शन, शिष्यवृत्ती, वसतिगृह, शाळा ही मदत लहान नव्हे. घरात पैसा नसेल तर आईची काळजी दुप्पट होते आणि ती काळजी मुलापर्यंत पोहोचतेच. पण मूल रात्री अंथरूण का ओलं करतं, त्याचं बोलणं एकाएकी का बंद झालं, या प्रश्नांना अजून कोणी हात घातला नव्हता.

लंडन : बॉम्ब की ताटातूट?

तो घातला गेला दुसऱ्या महायुद्धात. १ सप्टेंबर १९३९ पासून इंग्लंडने शहरांतली मुलं खेड्यांत हलवायला सुरुवात केली. थोड्याच दिवसांत सुमारे १५ लाख लोक हलवले गेले. त्यांत शाळकरी मुलं सर्वांत जास्त होती. हिशोब सरळ होता : बॉम्बपासून लांब म्हणजे सुरक्षित.

लंडनमध्ये ॲना फ्रॉइड आणि डोरोथी बर्लिंगहॅम या दोघींनी युद्धाची झळ लागलेल्या मुलांसाठी हॅम्पस्टेड भागात बालगृहं चालवली. कुणाचे वडील आघाडीवर, कुणाची आई कारखान्यात, कुणाचं घर पडलेलं. दोघींनी एक मोठं काम केलं. मुलं काय खातात, कशी झोपतात, काय बोलतात, काय खेळतात, याच्या बारीक नोंदी ठेवल्या. त्यातून निघालेली गोष्ट त्या काळच्या समजुतीला धक्का देणारी होती. बॉम्बवर्षावात आईजवळ राहिलेली मुलं, आई स्वतः शांत असेल तर, बरीच सावरलेली असत. याउलट सुरक्षित जागी पण आईपासून तोडलेली मुलं जास्त बिथरत. सुटलेलं अंथरूण ओलं करणं परत सुरू होई, अंगठा चोखणं वाढे, शिकलेले शब्द मागे पडत.

म्हणजे लहान मूल धोका बॉम्बच्या आवाजावरून मोजत नाही. ते आपल्या माणसाच्या चेहऱ्यावरून मोजतं.

दोघींनी यावर उपायही केला. सुरुवातीला मुलं मोठ्या गटात होती आणि सगळ्या सेविका सगळ्यांना बघत. मग त्यांनी लहान 'कुटुंबं' केली. चार-पाच मुलं आणि त्यांची एक ठरलेली 'आई'. आधी भांडणं वाढली, हेवेदावे सुरू झाले, माझी आई-तुझी आई झाली. पण मुलांचं बोलणं, स्वच्छतेच्या सवयी, खेळ हे सगळं भराभर सुधारलं. आणखी एक नोंद आपल्या विषयाला थेट लागू आहे. वडील गेल्याचं सांगितल्यावरही काही मुलं 'ते येणार आहेत' असं म्हणत राहत. मोठी माणसं याला खोटं किंवा हट्ट म्हणत. या दोघींनी ते मूल दुःख हळूहळू पचवतं आहे असं मानलं आणि त्याला वेळ दिला.

'एक मूल, एक ठरलेलं माणूस' ही कल्पना पुढे जगभर वेगवेगळ्या ठिकाणी उगवली. १९४९ मध्ये ऑस्ट्रियात हरमन ग्माइनर यांनी युद्धातल्या अनाथ मुलांसाठी एसओएस बालग्राम सुरू केलं. तिथे अनाथालयाच्या लांबलचक खोल्या नव्हत्या. घरं होती आणि प्रत्येक घराला आई होती. १९६० मध्ये धरमशाळेत निर्वासित तिबेटी मुलांसाठी बालगृह निघालं. रस्त्याच्या कामावर राबणाऱ्या आईबापांची ५१ मुलं तिथे प्रथम आली, बरीच आजारी आणि कुपोषित. त्यातूनच पुढे तिबेटी बालग्राम उभं राहिलं, घर आणि गृहमाता याच पद्धतीवर.

दोन घरं, एकच बदली

युद्ध संपल्यावर अमेरिकेतले समाजशास्त्रज्ञ रुबेन हिल यांनी आयोवा राज्यातल्या सैनिकी कुटुंबांचा अभ्यास केला. वडील युद्धावर गेले तेव्हा घराचं काय झालं, आणि परत आले तेव्हा काय झालं, असे दोन प्रश्न. १९४९ मध्ये त्यांचं पुस्तक आलं. त्यातली मांडणी आजही वापरतात. आपल्या भाषेत ती अशी :

- घटना : बाबांची बदली, लढाई, जखम.
- घराकडची शिदोरी : पैसा, नातलग, शेजार, आईची तब्येत, आधीची सवय.
- घराने लावलेला अर्थ : 'आपल्यावर आकाश कोसळलं' की 'अवघड आहे, पण निभावू'.

संकट किती मोठं होणार, हे या तिन्ही गोष्टी मिळून ठरवतात. एकाच गावातली दोन घरं घ्या. दोन्हीकडे बाबांची बदली सीमेवर झाली. एका घरात आजी-आबाजी आहेत, आईला बँकेचे व्यवहार येतात, बाबांनी जाण्याआधी मुलांना नकाशावर गाव दाखवलं. दुसऱ्या घरात आई एकटी, अंगावर कर्ज, आणि मुलांना उठल्यावर कळलं की बाबा रात्रीच गेले. घटना एकच, पण मुलांवरचा भार अगदी वेगळा. दुसऱ्या घरातली मुलं भित्री नाहीत. त्यांची शिदोरी कमी आहे.

हिल यांची दुसरी गोष्ट मला फार मोलाची वाटते. बाबांचं परत येणं हाही एक ताण असतो. बाबा नसताना घर नवी घडी बसवतं. आई निर्णय घेऊ लागते, मोठी मुलगी धाकट्याचा अभ्यास घेते. बाबा आले की त्यांना त्यांची जुनी जागा हवी असते, आणि ती जागा तर भरून गेलेली असते. बाबा ओरडतात, मूल आईच्या पदरामागे लपतं, बाबांना वाटतं पोर आपल्याला विसरलं. सुटीवर आलेल्या कितीतरी जवानांच्या घरी पहिले आठ दिवस हेच चालतं. यात कोणाचाच दोष नसतो. घडी पुन्हा बसायला वेळ लागतो, एवढंच.

ज्याबद्दल बोलायचं नसतं

आता गोठणगावच्या वसाहतीकडे वळू. नोव्हेंबर १९६२ मध्ये, चीनशी युद्ध चालू असताना, भारताने तिबेटी निर्वासितांमधून 'स्पेशल फ्रंटियर फोर्स' उभारली. तिचं दुसरं नाव एस्टॅब्लिशमेंट २२. मुख्यालय उत्तराखंडातल्या चक्राता इथे. १९७१ च्या बांगलादेश युद्धात हे दल चितगाव डोंगराळ भागात लढलं आणि पन्नासहून अधिक जवान कामी आले. पण दलाचं असणंच गुप्त होतं. त्यामुळे ना जाहीर गौरव, ना वर्तमानपत्रात नाव. त्यानंतरच्या वर्षी नोर्ग्येलिंग वसाहत वसली.

एखाद्या मुलाच्या बाजूने याचा विचार करा. शाळेत विचारतात, "तुझे बाबा काय करतात?" उत्तर येत असूनही द्यायचं नसतं. थंडीत स्वेटर विकायला घरची मोठी माणसं शहरोशहरी जातात, तेव्हा आईही काही महिने नसते. आणि वडिलांना काही झालंच, तर दुःख घराच्या भिंतींतच ठेवायचं. २०२० मध्ये हे चित्र पहिल्यांदा जाहीरपणे बदललं. ऑगस्टच्या अखेरीस लडाखमध्ये सुरुंगाच्या स्फोटात या दलाचे कंपनी लीडर न्यिमा तेन्झिन यांचा मृत्यू झाला. ७ सप्टेंबरला लेहमध्ये भारतीय आणि तिबेटी ध्वजांसह त्यांना उघडपणे निरोप दिला गेला. जवळजवळ ५८ वर्षांनी अशा घरांतल्या मुलांना चारचौघांत 'माझे बाबा सैनिक' म्हणण्याची वाट थोडी मोकळी झाली.

अशा अवस्थेला मानसशास्त्रात नाव मिळालं ते १९७० च्या दशकात. व्हिएतनाम युद्धात बेपत्ता झालेल्या अमेरिकी वैमानिकांच्या कुटुंबांचा अभ्यास करताना पॉलिन बॉस यांनी पाहिलं, की माणूस गेला की आहे हेच कळत नसेल तर घर ना दुःख करू शकत, ना पुढे जाऊ शकत. त्याला त्यांनी 'अस्पष्ट वियोग' म्हटलं. कुतच्या वेळी आपल्या मराठी घरांनी जे सोसलं, ते हेच होतं. फक्त त्याला शब्द नव्हता.

नक्षलग्रस्त भागातल्या पोलिसांच्या मुलांनाही याची सौम्य झळ बसते. 'बाबा कुठे आहेत हे कोणाला सांगू नको' ही सूचना सुरक्षेसाठी योग्यच असते. पण ती कारण न सांगता, दरडावून दिली तर मूल त्याचा अर्थ असा लावतं की बाबांबद्दल बोलणंच वाईट. मग ते घरातही बोलत नाही. बाहेरचं गुपित आणि घरातलं मौन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली गरजेची, दुसरी घातक.

'साधी' जादू

१९५५ मध्ये हवाईच्या काउआई बेटावर जन्मलेल्या ६९८ मुलांचा पाठपुरावा सुरू झाला आणि तो अनेक दशकं चालला. प्रमुख होत्या एमी वर्नर. गरिबी, घरातली भांडणं, आईबापांचे आजार अशी बरीच ओझी एकदम असलेल्या मुलांपैकीही सुमारे एक तृतीयांश मुलं समर्थ, समंजस माणसं झाली. त्यांच्यात काय वेगळं होतं? काही स्वभावाने माणसं जोडणारी होती, हे खरं. पण वारंवार सापडलेली गोष्ट म्हणजे एक तरी भक्कम मोठं माणूस : आई, आजी, मावशी, शिक्षक, शेजारी. आणि घरातलं एखादं नेमून दिलेलं काम.

याच वाटेवर नॉर्मन गार्मेझी, मायकेल रटर आणि पुढे ॲन मास्टेन यांनी काम केलं. मास्टेन यांनी २००१ मध्ये निष्कर्ष मांडला, की मुलांची लवचीकता ही काही दुर्मीळ दैवी देणगी नाही. ती साध्या, रोजच्या गोष्टींतून तयार होते आणि त्या गोष्टी मोडल्या तरच मूल मोडतं. 'लवचीकता' हा शब्द मुद्दाम वापरतो आहे. वेळू वाकतो आणि सरळ होतो. न वाकणारं लाकूड मोडतं. रडणारं मूल वाकतं आहे. त्याला वाकू द्या.

इराक आणि अफगाणिस्तानच्या युद्धांनंतर सैनिकी मुलांवर बरंच संशोधन झालं. २०१० मध्ये 'पेडिॲट्रिक्स' या बालरोगशास्त्राच्या नियतकालिकात ११ ते १७ वयाच्या सैनिकी मुलांचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. वडील किंवा आई एकूण जितके जास्त महिने दूर, तितक्या मुलांच्या अडचणी जास्त. आणि घरी राहून सांभाळणाऱ्या पालकाचं मन जितकं खचलेलं, तितकी मुलं जास्त त्रासात. म्हणजे ७० वर्षांपूर्वी हॅम्पस्टेडच्या बालगृहात डोळ्यांनी दिसलं होतं, तेच आकड्यांनी सांगितलं.

शरीरात काय होतं?

भीती वाटली की मेंदू ॲड्रेनलिन आणि कॉर्टिसॉल ही द्रव्यं सोडायचा हुकूम देतो. छाती धडधडते, पोट आवळतं, झोप उडते. धोका टळला किंवा आईने जवळ घेतलं की पातळी उतरते. असा ताण अधूनमधून आला तर अपाय नाही. पण तो महिनोन्‌महिने राहिला आणि शांत करणारं कोणी नसलं, तर झोप, भूक, एकाग्रता, प्रतिकारशक्ती सगळ्यांवर परिणाम होतो. ताण तोच, जवळ माणूस आहे की नाही, यावर तो सोसण्याजोगा की विषारी हे ठरतं.

मूल 'मला काळजी वाटते' असं म्हणत नाही. त्याचं शरीर बोलतं :

- ५ वर्षांपर्यंत : चिकटून राहणं, सुटलेलं अंथरूण ओलं करणं पुन्हा सुरू होणं, रात्री दचकणं.
- ६ ते ११ : शाळेच्या वेळी पोटदुखी, डोकेदुखी, मारामारी, अभ्यासात घसरण.
- १२ च्या पुढे : गप्पपणा, चिडचिड, सतत मोबाइल, व्यसनाकडे ओढ, किंवा उलट, एकाएकी फार 'शहाणं' होणं.

या शेवटच्या प्रकाराकडे सगळ्यात कमी लक्ष जातं. बाबा गेल्यावर 'आता तूच घरातला पुरुष' असं ऐकलेला बारा वर्षांचा मुलगा हट्ट करणं सोडतो, आईला त्रास नको म्हणून ताप लपवतो. सगळे कौतुक करतात. पण तो त्याच्या वयाचं ओझं सोडून दुसऱ्याचं उचलत असतो. त्याला घरात काम द्या, बापाची जागा देऊ नका.

पोटदुखी, डोकेदुखी असेल तर एकदा डॉक्टरांना दाखवून शारीरिक कारण नाही याची खात्री करून घ्या. मनामुळे असलेली पोटदुखीही खरीच दुखते. 'नाटक करतोस' म्हणू नका.

घरी काय करता येईल?

1. निरोप घेऊन जा. मूल झोपेत असताना निघून जाऊ नका. रडारड होईल, होऊ द्या. न सांगता गेलेल्या बाबांमुळे मूल पुढे रोज झोपायला घाबरतं.

2. खरं सांगा, वयाच्या मापाने. 'बाबा उद्या येतील' हे खोटं आहे. 'बाबा मंडईपर्यंत यायचा प्रयत्न करतील, सुटी मिळाली नाही तर फोन करतील' हे खरं आहे. बाहेर काय सांगायचं नाही, तेही कारणासह सांगा, आणि 'घरात मात्र काहीही विचार' असं जोडा.

3. दिनक्रम मोडू नका. जेवण, शाळा, झोप ठरल्या वेळी. 'बाबा नाहीत म्हणून' शाळा बुडवायची सूट नको आणि जास्तीची शिस्तही नको.

4. बाबांना घरात ठेवा. फोटो, नकाशा, कॅलेंडरवर खुणा, आवाजात रेकॉर्ड केलेली गोष्ट. नेटवर्क नसलं की फोन येत नाही, हे मुलाला आधीच समजावून ठेवा.

5. बातम्या बंद. चकमकीच्या बातमीचा तोच तो व्हिडिओ मुलासमोर लावू नका. काही घडलं तर ते तुमच्या तोंडून, थोडक्यात कळू द्या.

6. शाळेला कल्पना द्या. वडील कुठे आहेत ते सांगायची गरज नाही. 'सध्या घरी नाहीत, लक्ष असू द्या' एवढं पुरे.

7. सुटीवर आलेल्या बाबांनी पहिला आठवडा नियम बदलू नयेत, मार्कांची झडती घेऊ नये. मुलाच्या खेळात शिरावं. रात्री दचकून उठणं, दारू वाढणं, अतिराग हे स्वतःत दिसलं तर उपचार घ्यावेत. त्यात कमीपणा नाही.

8. मृत्यू झाला असेल तर 'देवाघरी झोपले' असं म्हणू नका. लहान मूल झोपेला घाबरू लागतं. 'बाबा मरण पावले, त्यांचं शरीर आता काम करत नाही, ते परत येणार नाहीत, आणि यात तुझी काही चूक नाही' असं जवळ घेऊन सांगा. पुन्हा पुन्हा विचारलं तर पुन्हा पुन्हा सांगा. हारतुरे, भाषणं, कॅमेरे संपल्यावर, तिसऱ्या-चौथ्या महिन्यात घर खरं एकटं पडतं. तेव्हा जा.

डॉक्टरकडे कधी?

लक्षणं महिनाभराहून जास्त टिकली, मूल खाणं-बोलणं सोडू लागलं, शाळा पूर्ण बंद झाली, स्वतःला इजा केली किंवा मरणाचं बोललं, तर थांबू नका. जवळच्या आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात दाखवा. तिथून गोंदियाच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात पाठवता येतं. किशोरवयीन मुलांसाठी सरकारी रुग्णालयांत मैत्री क्लिनिक चालतात. टेली-मानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं. मुलांसाठी १०९८ आहे. पेन्शन, शिष्यवृत्ती, वसतिगृह यांसाठी माजी सैनिक आणि वीरपत्नींनी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय गाठावं.

आणि तुम्ही सैनिकाचे शेजारी, नातलग किंवा शिक्षक असाल, तर या सगळ्या इतिहासातून एक काम तुमच्या वाट्याला येतं. 'मूल कसं आहे?' हे आपण विचारतोच. त्याच्या आईलाही विचारा : तू जेवलीस का, रात्री झोप लागते का, उद्या दवाखान्यात जायचं तर धाकट्याला मी सांभाळू का? रोवणीच्या दिवसांत तिच्या बांधीत दोन माणसं पाठवा. तिच्यावरचा भार हलका झाला, की मुलाचं पोट दुखणंही बऱ्याचदा कमी होतं.